एक्स्टर्नल हार्ड डिस्कचं ड्राइव्ह लेटर बदललंय? आधी जुनं अक्षर परत आणा, मग कायमची सोय करा

कालपर्यंत ‘ई’ म्हणून दिसणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आज ‘एफ’ म्हणून उघडते. आतल्या फायली जशाच्या तशा आहेत, एकही हललेली नाही. तरी लाइटरूम या फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये फोल्डरांवर प्रश्नचिन्हं आलीत, टॅलीला कंपनी सापडत नाही, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट चालत नाहीत आणि रात्रीचा बॅकअप झालेलाच नाही. या सगळ्या प्रोग्रॅमांनी फायलींचा पत्ता ‘ई’ या अक्षरासकट लिहून ठेवला होता. आता त्या पत्त्यावर कुणी नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतंच कुणी आहे.

अशा वेळी बरेच जण एकेका प्रोग्रॅममध्ये शिरून नवा पाथ भरत बसतात. त्यात अर्धा दिवस जातो, आणि पुढच्या आठवड्यात डिस्क पुन्हा ‘ई’ झाली की तेच काम उलट्या दिशेने करावं लागतं. म्हणून प्रोग्रॅमांना हात लावू नका. डिस्कला तिचं जुनं अक्षर परत द्या. बहुतेक गोष्टी तेवढ्यानेच जागेवर येतात. खाली दिलेली कृती विंडोज 10 आणि 11 दोन्हींत चालते. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच दिली आहेत.

सुरुवातीला दोन खबरदाऱ्या

पहिली, आपोआप चालणारे बॅकअप थांबवा. हे सांगायला कारण आहे. रोबोकॉपीसारखी फायली कॉपी करणारी विंडोजची आज्ञा ‘मिरर’ पद्धतीने चालवली असेल, तर मूळ फोल्डरमध्ये नसलेली प्रत्येक फाइल ती बॅकअपच्या जागेवरून पुसून टाकते. बॅकअपची जागा ‘ई’ अशी लिहिलेली असेल आणि आज ‘ई’वर भलतीच डिस्क बसली असेल, तर पुसल्या जाणाऱ्या फायली त्या भलत्या डिस्कवरच्या असतील. उलटंही होऊ शकतं. मूळ फायली ‘ई’वर आहेत असं बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली फाइल, धरून चालते, तिथे रिकामं कार्ड सापडतं, आणि स्क्रिप्ट इमानदारीने बॅकअपही रिकामा करते. तेव्हा ठरलेल्या वेळी कामं चालवणारा विंडोजचा टास्क शेड्यूलर उघडा, त्या कामावर राइट क्लिक करा आणि ‘डिसेबल’ करा. वेगळं बॅकअप सॉफ्टवेअर असेल तर त्यातलं वेळापत्रक बंद ठेवा.

दुसरी, विंडोज ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ किंवा ‘डिस्क इनिशियलाइज करा’ असं विचारत असेल, तर ‘कॅन्सल’ दाबा. नुसतं अक्षर बदललेल्या डिस्कला हे प्रश्न येत नाहीत. आले तर दुखणं वेगळं आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

अक्षर डिस्कवर नसतं

हे नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ‘ई’ हे अक्षर डिस्कवर कुठेही लिहिलेलं नसतं. ते तुमच्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘माउंटेडडिव्हायसेस’ नावाच्या कीमध्ये नोंदवलेलं असतं. डिस्क जोडली की विंडोज तिची ओळख वाचतं. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, नोंदवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर 4 बाइटची सही असते. ती सही आणि पार्टिशन जिथून सुरू होतं तो आकडा मिळून ओळख ठरते. नव्या जीपीटी पद्धतीत प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा लांबलचक क्रमांक असतो. ही ओळख रजिस्ट्रीत सापडली तर विंडोज जुनं अक्षर द्यायला जातं. सापडली नाही तर मोकळं असेल ते पुढचं अक्षर देतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर ‘ई’ असलेली डिस्क ऑफिसात ‘जी’ दिसली तर ती बिघडलेली नाही. दोन्हींची रजिस्ट्री वेगळी, म्हणून अक्षरंही वेगळी. दुसरी म्हणजे डिस्क काढून ठेवलेली असताना तिचं अक्षर तिच्यासाठी राखून ठेवलं जाईलच असं नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तशी सोय इथे नाही. तुमची डिस्क कपाटात असताना कुणी पेन ड्राइव्ह लावला, त्याला ‘ई’ मिळालं, आणि तो तसाच असताना तुम्ही डिस्क जोडली की डिस्क ‘एफ’वर सरकते.

पेन ड्राइव्हचं प्रकरण आणखी लहरी आहे. काही स्वस्त पेन ड्राइव्हना स्वतःचा सिरियल नंबर नसतो. त्यामुळे तोच पेन ड्राइव्ह वेगळ्या यूएसबी पोर्टला लावला की विंडोजला तो नवा वाटतो. हार्ड डिस्कच्या बाबतीत पोर्ट बदलल्याने सहसा काही बिघडत नाही, तेव्हा ‘कायम त्याच पोर्टला लाव’ या सल्ल्याच्या भरवशावर राहू नका.

जुनं अक्षर कुणी घेतलं ते शोधा

फाइल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ उघडा. ‘ई’ नावाने दुसरं काही दिसत असेल तर चोर सापडला. दिसत नसेल तर लगेच ‘मोकळं आहे’ असं समजू नका, कारण विंडोज रिकामे ड्राइव्ह लपवतं. कार्ड रीडर हा यातला नेहमीचा संशयित. आत कार्ड नसलं तरी त्याचे खाचे अक्षरं अडवून बसतात, आणि काही रीडर एकट्याने तीन-चार अक्षरं खातात. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर ‘हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज’समोरची खूण काढली की ते दिसू लागतात.

बाकीचे संशयित असे. डबल क्लिक करून उघडलेली आणि तशीच राहिलेली आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडी-डीव्हीडीची एका फाइलमधली प्रत; विंडोज तिला डीव्हीडी समजून अक्षर देतं. डीव्हीडी ड्राइव्ह. ऑफिसमधला नेटवर्क ड्राइव्ह. आणि गूगल ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप, जे सहसा ‘जी’ घेऊन बसतं. तुमची डिस्क आधी ‘जी’ होती आणि गेल्या काही दिवसांत कुणीतरी हे ॲप टाकलं असेल, तर फार शोधायची गरज नाही. त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये ड्राइव्ह लेटर बदलता येतं.

मोबाइलवर मात्र संशय घेऊ नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडला की ‘धिस पीसी’मध्ये दिसतो, पण तो अक्षर घेत नाही.

अक्षर परत देण्याची कृती

त्या डिस्कवरच्या सगळ्या फायली आणि त्या वापरणारे प्रोग्रॅम बंद करा. तुमच्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतील. ऑफिसच्या मशीनवर ते नसतात, तिथे आयटीवाल्यांना बोलवावंच लागतं.

1. कीबोर्डवर विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबा. येणाऱ्या यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडा. खिडकी उघडायला काही सेकंद लागतात.

2. खालच्या अर्ध्या भागात ‘डिस्क 0’, ‘डिस्क 1’ अशा आडव्या पट्ट्या दिसतील. आपली डिस्क कोणती हे अक्षरावरून ठरवू नका, आकारावरून आणि नावावरून ठरवा. 1 टीबीची डिस्क इथे साधारण 931 जीबी दिसते आणि 2 टीबीची 1,863 जीबीच्या आसपास. खात्री होत नसेल तर डिस्क काढा, कोणती पट्टी गायब होते ते बघा आणि पुन्हा जोडा.

3. ‘ई’ दुसऱ्या कुणाकडे असेल तर आधी त्याला हलवा. त्याच्या पट्टीवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’. यादीतून लांबचं एखादं अक्षर, समजा ‘टी’, निवडा आणि ‘ओके’ करा. तो पेन ड्राइव्ह असेल तर त्याला नुसतं बाहेर काढलं तरी चालतं. यादीत फक्त मोकळी अक्षरं दिसतात. म्हणून ‘ई’ रिकामं केल्याशिवाय ते तुम्हाला निवडताच येणार नाही.

4. आता आपल्या डिस्कच्या पट्टीवर राइट क्लिक करा. पुन्हा ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘चेंज’, ‘असाइन द फॉलोइंग ड्राइव्ह लेटर’. समोरच्या यादीतून ‘ई’ निवडून ‘ओके’.

5. ड्राइव्ह लेटरवर अवलंबून असलेले काही प्रोग्रॅम नीट चालणार नाहीत, असा इशारा येईल. आपण नेमकी तीच तक्रार दूर करतोय, तेव्हा ‘येस’ म्हणा. डिस्क वापरात असल्याचा संदेश आला तर एखादा प्रोग्रॅम अजून उघडा आहे. तो बंद करा, नाहीतर बदल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

डिस्कवर दोन पार्टिशन असतील तर दोघांची अक्षरं वेगवेगळी बदलावी लागतात.

यातल्या कुठल्याच पायरीने डेटा पुसला जात नाही. मात्र त्याच राइट क्लिकच्या यादीत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ही असतात, म्हणून घाईने क्लिक करू नका. आणि ‘सी’ला हात लावायचा नाही. विंडोज स्वतः ज्या ड्राइव्हवर आहे त्याचं अक्षर ते इथून बदलूही देत नाही.

‘ई’ कुणाकडेच दिसत नाही तरी यादीत येत नाही, असं झालं तर रीस्टार्ट करून पुन्हा बघा. तरी नाही तर तुटलेला नेटवर्क ड्राइव्ह तपासा. ‘धिस पीसी’मध्ये तो लाल फुलीसकट दिसतो. त्यावर राइट क्लिक करून ‘डिसकनेक्ट’ केलं की अक्षर सुटतं.

डिस्क मॅनेजमेंट अडकून पडत असेल तर तेच काम टाइप केलेल्या आज्ञांनी करणारं डिस्कपार्ट आहे. टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिस्कपार्ट’ लिहा, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. यादीत आपल्या डिस्कचा क्रमांक बघा. समजा तो 4 आहे, तर ‘सिलेक्ट व्हॉल्यूम 4’ आणि त्यानंतर ‘असाइन लेटर=ई’. आज्ञा अर्थातच इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाइप करायच्या. पण डिस्कपार्ट चूक पोटात घालत नाही. याच जागी ‘क्लीन’ ही आज्ञाही चालते आणि ती कुठलाही प्रश्न न विचारता डिस्कवरची पार्टिशनं काढून टाकते. अगदी गरज असेल तरच इकडे या.

अक्षरच दिसत नसेल तर

डिस्क मॅनेजमेंटमध्ये पट्टी निळी आहे, नाव दिसतंय, ‘हेल्दी’ लिहिलंय, फक्त अक्षर नाही, तर वरचीच कृती करा. ‘चेंज’ऐवजी ‘ॲड’ दाबायचं, एवढाच फरक. दर वेळी असंच होत असेल तर नव्या ड्राइव्हना आपोआप अक्षर देण्याची सोय कुणीतरी बंद केली असणार. डिस्कपार्टमध्ये ‘ऑटोमाउंट’ लिहिलं की ती चालू आहे की बंद हे कळतं, आणि ‘ऑटोमाउंट एनेबल’ने ती चालू होते.

डिस्कच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ लिहिलेलं दिसलं तर त्यावर माउस नेऊन कारण वाचा. दुसऱ्या डिस्कशी ‘सिग्नेचर कोलिजन’ झाल्याचं लिहिलं असेल, तर एक डिस्क दुसरीची हुबेहूब क्लोन आहे. दोघींची सही एकच, म्हणून विंडोजने एकीला बाजूला बसवलंय. राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ केलं तर विंडोज त्या डिस्कला नवी सही देतं. सही नवी म्हणजे ओळख नवी, आणि ओळख नवी म्हणजे अक्षरही नवं. म्हणून मूळ डिस्क कोणती आणि क्लोन कोणती हे आधी ठरवा. मूळ डिस्क एकटीच जोडलेली असेल तर ती विनातक्रार ऑनलाइन येते.

‘रॉ’ असा शब्द दिसत असेल, तर तिथली फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाहीये. डिस्क मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केली असेल तरी विंडोज ती वाचू शकत नाही, तेव्हा आधी ती शक्यता तपासा. तसं नसेल तर दुसरी केबल, दुसरा पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर या क्रमाने करून बघा. तरीही ‘रॉ’च राहिली आणि आतला डेटा महत्त्वाचा असेल, तर डिस्क काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. अक्षर बदलून ‘रॉ’ बरं होत नाही.

‘नॉट इनिशियलाइज्ड’चंही तसंच. त्यातला एक खास प्रकार म्हणजे डब्यातून काढलेली डिस्क. एक्स्टर्नल डिस्कचं सर्किट खराब झालं म्हणून आतली डिस्क काढून थेट पीसीला जोडतात आणि ती कोरी दिसते. काही डब्यांचं सर्किट सेक्टरचा आकार स्वतः बदलून दाखवतं, काहींचं डेटा एन्क्रिप्ट करतं. त्या डिस्कला तिचाच डबा किंवा त्याच जातीचा दुसरा डबा लागतो. इनिशियलाइज केलं तर पार्टिशनची नोंद नव्याने लिहिली जाते आणि काम आणखी अवघड होऊन बसतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

जुनं अक्षर परत आलं, सगळं चालायला लागलं. पण ‘ई’ हे अक्षरच वर्दळीच्या जागी आहे. विंडोज मोकळं अक्षर सुरुवातीपासून शोधत येतं. ‘ए’ आणि ‘बी’ एकेकाळी फ्लॉपीसाठी राखलेली, ‘सी’ विंडोजचं, मग ‘डी’, ‘ई’, ‘एफ’. म्हणजे जो कुणी पेन ड्राइव्ह लावेल तो आधी ‘ई’च्याच दारात येणार. कायमच्या डिस्कला वर्णमालेच्या मागच्या टोकाचं अक्षर द्या. पण ‘झेड’ नको, कारण नेटवर्क ड्राइव्ह जोडताना विंडोज ‘झेड’पासून उलटं येतं. मला ‘पी’ ते ‘टी’ हा पट्टा बरा वाटतो. एका डिस्कला ‘आर’ दिलं की घरच्या आणि ऑफिसच्या दोन्ही कॉम्प्युटरवर तिला हाताने ‘आर’च द्या. प्रत्येक मशीनवर हे एकदाच करावं लागतं.

प्रोग्रॅमांना नवा पत्ता सांगण्याची वेळ आता येते. ‘ई’ परत आणून गाडी चालू झालेली आहे, तेव्हा एक निवांत दिवस ठरवा, बॅकअप घ्या आणि मग ‘ई’चं ‘आर’ करा.

लग्नाचे आल्बम करणाऱ्या स्टुडिओंचा जीव लाइटरूम क्लासिकमध्ये अडकलेला असतो. तिथे प्रत्येक फोल्डरवर वेगळं काम करायची गरज नसते. डावीकडच्या फोल्डर पॅनेलमध्ये सर्वांत वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि ‘आर’वरचा तोच फोल्डर दाखवा. आतले सगळे फोल्डर त्याच्या मागोमाग येतात. वरचा फोल्डर दिसतच नसेल तर राइट क्लिकमधलं ‘शो पेरेंट फोल्डर’ वापरा. प्रश्नचिन्ह बघून फोल्डर काढून टाकणं आणि नव्याने इम्पोर्ट करणं हा मात्र आत्मघात आहे, कारण कॅटलॉगमधलं एडिटिंग आणि रेटिंग त्यात जातं.

व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमिअर प्रोमध्ये प्रोजेक्ट उघडताच ‘लिंक मीडिया’ची खिडकी येते. इतर फायली आपोआप जोडण्याच्या पर्यायावर खूण ठेवा आणि ‘लोकेट’ने एक फाइल शोधून द्या. फोल्डरांची आतली रचना तीच असेल तर बाकीच्या फायली ते स्वतः शोधतं.

टॅलीमध्ये डेटा पाथ बदलला की कंपनी दिसू लागते. पण एक्स्टर्नल डिस्कवर टॅलीचा चालू डेटा ठेवणं मला पटत नाही. केबल हलली तर चालू नोंदीचं काय होईल ते सांगता येत नाही. चालू डेटा कॉम्प्युटरच्या आत आणि त्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, हे बरं.

काही प्रोग्रॅम एक्स्टर्नल डिस्कवरच इन्स्टॉल केलेले असतात. त्यांचे पाथ रजिस्ट्रीत ठिकठिकाणी पसरलेले असतात, ते हाताने बदलायच्या भानगडीत पडू नका. अशा डिस्कचं अक्षर एक तर होतं तेच ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करा.

अक्षराबरोबर डिस्कला नावही द्या. ‘न्यू व्हॉल्यूम’ नावाच्या तीन डिस्क एका टेबलावर असल्या की गोंधळ ठरलेला. एक्सप्लोररमध्ये राइट क्लिक करून ‘रीनेम’ करता येतं, आणि हे नाव डिस्कवरच लिहिलं जात असल्याने ते सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखंच दिसतं. मॅकवर तर पत्ताच नावावरून ठरतो, तिथे अक्षरांचा प्रश्नच येत नाही.

अक्षरांची कटकटच नको असेल तर आणखी एक उपाय आहे, आणि तो कमी लोकांना माहीत असतो. ‘सी’ ड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर करा, समजा ‘फोटोडिस्क’. मग ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्ये ‘ॲड’ दाबून ‘माउंट इन द फॉलोइंग एम्प्टी एनटीएफएस फोल्डर’ निवडा आणि तो फोल्डर दाखवा. आता डिस्क त्या फोल्डरमधूनही उघडते, अक्षर काहीही असो. प्रोग्रॅमांना हाच पाथ द्यायचा. एक पथ्य मात्र पाळा. डिस्क जोडलेली नसताना तो फोल्डर उघडत नाही, म्हणून ‘सी’वरचा जुना कचरा आवरताना तो निकामी समजून उडवू नका.

बॅकअप स्क्रिप्टसाठी खूणफाइल

आता सुरुवातीला बंद केलेलं शेड्यूल पुन्हा चालू करायचं. त्याआधी स्क्रिप्टमधलं जुनं अक्षर बदला आणि तिला डिस्क ओळखायला शिकवा. बॅकअपच्या डिस्कवर सर्वांत वर एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा आणि तिला दुसरीकडे कुठेही नसेल असं नाव द्या. बॅच फाइलच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या, पहिल्या ओळीत ‘इफ नॉट एक्झिस्ट’ लिहून त्या फाइलचा पूर्ण पाथ द्या आणि पुढे ‘एक्झिट’. फाइल सापडली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, भलत्या डिस्कवर मिरर करत नाही. मूळ फायलीही एक्स्टर्नल डिस्कवर असतील तर तिच्यासाठी वेगळ्या नावाची दुसरी खूणफाइल आणि दुसरी ओळ घाला.

पहिल्यांदा चालवताना रोबोकॉपीला शेवटी ‘एल’ हा स्विच जोडा. मग ती काय कॉपी करणार आणि काय पुसणार त्याची नुसती यादी दाखवते, प्रत्यक्षात काहीच करत नाही. यादीत पुसायच्या फायली अनपेक्षित दिसल्या तर अक्षर पुन्हा तपासा. यादी बरोबर असेल तर ‘एल’ काढा आणि टास्क शेड्यूलरमध्ये ते काम ‘एनेबल’ करा.